एक्स-रेच्या खोलीपासून व्हिएन्नापर्यंत : किरणोत्सर्ग सुरक्षिततेचा पाठ



आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ आहे. समस्थानिकांचे उपयोग सांगताना त्यात कोबाल्ट-६० चं नाव कर्करोगावरच्या उपचारासाठी म्हणून येऊन जातं. तिकडे नागरिकशास्त्रात संघसूची आणि राज्यसूची येते. मुलं दोन्ही पाठ करतात, मार्कही मिळवतात. पण हे कोबाल्ट देशात कुठे कुठे आहे याचा हिशोब कोण ठेवतं, गावातल्या एक्स-रे मशीनला परवाना कोण देतं, चूक झाली तर कोणाला विचारायचं, हे विज्ञानाच्या तासालाही येत नाही आणि नागरिकशास्त्राच्याही नाही. दोन वावरांमधला धुरा तसाच पडीक राहावा, तसं झालंय. आज तेवढा धुरा पेरून पाहू.

वर्गात एक्स-रेचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. आपल्याकडची मुलं तो आपल्या बोलीत विचारतात, “सर, एक्स-रे काहाडला तं तो अंगात राह्यते काय?” प्रश्न बाळबोध वाटतो, पण पुढचा सगळा पाठ त्याच्याच उत्तरावर उभा आहे. म्हणून इथे घाई करू नका.

उत्तर असं. एक्स-रेचं मशीन म्हणजे दिव्यासारखं. बटण दाबलं की क्ष-किरण निघतात, सोडलं की थांबतात. खोलीत काही उरत नाही, अंगातही काही उरत नाही. जाता जाता ते किरण पेशींना थोडा धक्का देऊन जातात, तेवढाच त्यांचा मामला. कोबाल्ट-६० ची गोष्ट वेगळी. त्याला बटणच नसतं. ते शिशाच्या जाड डब्यात असो की उघड्यावर, दिवसरात्र किरण सोडतच राहतं. म्हणून मशीनसाठी चांगली खोली आणि शहाणा माणूस लागतो, तर कोबाल्टसारख्या स्रोतासाठी जन्मापासून अंतापर्यंत ‘तो आत्ता कुठे आहे’ हे लिहिलेलं लागतं. या किरणांना रंग, वास, चव काही नाही. आपल्या इंद्रियांना ते कळत नाहीत, त्यामुळे वही, परवाना आणि मोजयंत्र हेच आपले डोळे.

पालकांनी लगेच घाबरू नये म्हणून दुसरी बाजूही सांगा, आणि त्यासाठी लांब जायला नको. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला ‘टीएयू-१’ उडीद विचारा. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद! मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून हा वाण काढला, तो १९८५ मध्ये प्रसारित झाला. ‘टीएजी-२४’ भुईमूग त्याच भागीदारीतला. किरणांनी बियाण्यात बदल घडवायचा, त्यातून चांगली झाडं निवडायची, संकर करायचा, अशी ती पद्धत. तो उडीद किरणोत्सारी नसतो. वरच्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलेलं मूल हे स्वतःच सांगेल.

थोडे आकडे. शरीराला मिळणारी किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, खडक, आकाश, अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीचा साधा एक्स-रे ०.१ किंवा त्याहूनही कमी. पोटाचा सीटी स्कॅन साधारण ८ ते १०. म्हणजे एक सीटी स्कॅन आणि छातीचे शंभरेक एक्स-रे एका मापात बसतात. हे प्रमाण पालकांच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतात, तेही सांगून टाका. गावात सगळ्यालाच ‘मशीनमधून काढलं’ म्हणतात.

मर्यादेचंही एक गणित आहे. रुग्णालयातल्या तंत्रज्ञासारख्या या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ही भारताची मर्यादा. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षाला ५० पर्यंत जाऊ देते, आपण ३० वर थांबवतो. सामान्य जनतेसाठी, नैसर्गिक आणि उपचाराची मात्रा सोडून, वर्षाला १. आणि रुग्णासाठी? रुग्णाला मर्यादाच नाही. कारण गरज असेल तर दहा वेळाही तपासावं लागतं. मग रुग्णाचं रक्षण कशाने होतं? तर ‘ही तपासणी खरंच लागते का’ आणि ‘कमीत कमी मात्रेत होते का’ या दोन प्रश्नांनी. ते डॉक्टरने स्वतःला विचारायचे असतात, आणि रुग्ण लहान मूल असेल तर पालकांनीही विचारायला हरकत नाही. वाढत्या वयात पेशी भराभर विभागत असतात, पुढचं आयुष्यही लांब असतं, म्हणून मुलांच्या बाबतीत हे प्रश्न जास्त मोलाचे.

दोन सूच्या, दोन्हींत सहावी नोंद

आता नागरिकशास्त्राकडे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीची ६ वी नोंद काढा: अणुऊर्जा. मग राज्यसूचीची ६ वी नोंद काढा: सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने. योगायोग मजेचा आहे, पण तो आपल्याला कामाला येतो. परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या एक्स-रे खोलीत उभं राहा. दवाखाना राज्याच्या सहाव्या नोंदीतला, आणि मशीनमधून निघणारे किरण केंद्राच्या सहाव्या नोंदीतले. दोन्ही सरकारं एकाच खोलीत उभी आहेत. ती एकमेकांशी बोलली तर ठीक, नाहीतर ती खोली कोणाचीच नाही.

केंद्राच्या बाजूने हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. अणुऊर्जा कायदा १९६२ चा, त्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी हे मंडळ स्थापन झालं. किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम आधी १९७१ चे होते, ते २००४ मध्ये नवे आले. मंडळाचं मुख्य कार्यालय मुंबईला, अणुशक्तीनगरमध्ये. धारणीच्या माणसाला आधी अमरावती गाठायची आणि मग रात्रभर रेल्वेत बसायचं, इतकं ते लांब. तारापूरच्या अणुभट्टीवर नजर ठेवणं त्याच मंडळाकडे आणि आडगावातल्या एका एक्स-रे मशीनवर नजर ठेवणंही त्याच मंडळाकडे. अणुभट्ट्या हाताच्या बोटांवर मोजाव्या, मशीनं मात्र हजारोंनी. एका कार्यालयाने ती कशी पाहावी?

याचं उत्तर राज्यांनी द्यायचं ठरलं होतं. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावं, ते राज्याचं आरोग्य खातं चालवील, आणि मंडळ त्याला अधिकार देईल. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तसा निर्देश दिला. पुढे २०१२ मध्ये भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे आपण ज्यांना कॅग म्हणतो, त्यांनी मंडळाच्या कामाची तपासणी केली. त्यांना असं संचालनालय केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत सापडलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. मिझोरामला जमलं ते आपल्याला का जमू नये, हा प्रश्न वर्गात जरूर टाका. आपण मोठे आहोत, पुढारलेले आहोत, असं मुलांना आपण फार सांगत असतो.

त्याच अहवालातला एक आकडा फळ्यावर लिहा. देशात वैद्यकीय एक्स-रेची ५७,४४३ केंद्रं, त्यांपैकी मंडळाकडे नोंदलेली ५,२७०. मुलांना वजाबाकी करू द्या: ५२,१७३. टक्केवारी काढू द्या: जवळजवळ ९१. हा आकडा सगळ्या देशाचा आणि २०१२ चा आहे. यांतली सगळी मशीनं धोक्याची होती असं मात्र यातून निघत नाही. निघतं ते एवढंच की ती चांगली होती की वाईट, हे सरकारला माहीतच नव्हतं. वहीत नसलेल्या मुलाची हजेरी कशी घेणार? शिक्षकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यानंतर मंडळाने परवान्याचं काम ‘ई-लोरा’ नावाच्या ऑनलाइन पद्धतीवर नेलं. मशीन विकणारा, विकत घेणारा, तपासणारा, सगळ्यांची नोंद एका ठिकाणी. त्यामुळे नोंदणी पुष्कळ वाढली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत कामाची सुधारणा हीच, कारण अकोटच्या डॉक्टरला अर्जासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. मंडळ स्वतंत्र असावं म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत एक विधेयकही आलं होतं, कारण मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तर देत होतं, त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचेच सचिव. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाच हिशोब द्यायचा, असा तो घोळ. ते विधेयक लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं.

पालकांनी एक्स-रेच्या खोलीत काय पाहावं, हेही सांगतो. परवान्याची प्रत मागितली तर दाखवतात का. दारावर तीन पात्यांचं चिन्ह आणि ‘लाल दिवा लागलेला असताना आत येऊ नये’ अशी सूचना आहे का. भिंत नऊ इंची विटेची की नुसतं पार्टिशन. तंत्रज्ञाच्या छातीवर छोटा बिल्ला आहे का. या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, त्या मिळालेली मात्रा साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत त्या तापवल्या की तेवढा प्रकाश देतात, आणि त्या माणसाच्या नावावर ती मात्रा देशपातळीवरच्या नोंदीत जमा होते. बिल्ला टेबलाच्या खणात पडलेला असेल तर समजा की त्या माणसाने स्वतःचेच डोळे मिटलेत. मुलाला धरून ठेवायचं असेल तर घरचं माणूस थांबतं, त्याने शिशाचा एप्रन मागून घ्यावा. गरोदर बाईने थांबू नये.

आणखी एक, जे कोणत्याही नियमात बसत नाही. धारणीहून पेशंट अमरावतीला पाठवला जातो, तिथून नागपूरला. प्रत्येक ठिकाणी नवा फोटो, कारण आधीची फिल्म घरी राहिली किंवा एसटीत विसरली. तीच हाडं, तीनदा किरण. मुलाच्या फिल्मा आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा आणि नेहमी सोबत न्या. मात्र डॉक्टरांनी कारण सांगून एक्स-रे काढायला सांगितला असेल तर भीतीने टाळू नका. हात मोडलेला कळला नाही तर नुकसान त्या किरणांपेक्षा कितीतरी मोठं.

भंगारात गेलेला कोबाल्ट

बटण नसलेल्या स्रोताची नोंद हरवली की काय होतं, ते दिल्लीने २०१० मध्ये पाहिलं. दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये कॅनडाहून एक गॅमा यंत्र आणलं होतं, आत कोबाल्ट-६०. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथे ते फोडलं, कापलं गेलं. एप्रिलमध्ये माणसं दवाखान्यात आली, कातडी काळी पडलेली, केस गळत असलेले. एका कामगाराचा जीव गेला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना सातपैकी चौथ्या पातळीची ठरली.

यावर एक सुरेख उदाहरण होतं. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं. १९६८ ते २०१० म्हणजे ४२ वर्षं. भागाकार केला तर जवळजवळ ८ अर्धायुकाल. दोनाचा आठवा घात २५६, म्हणजे मूळ किरणोत्सारितेचा २५६ वा भाग उरला. शंभर रुपयांतले ३९ पैसे! मुलं म्हणतील, मग राहिलंच काय? आणि तिथेच थांबून सांगायचं की त्या ३९ पैशांनी माणूस मेला. घातांकाचं गणित यापुढे ती विसरणार नाहीत.

ते विद्यापीठ होतं, शिकलेल्या माणसांचं ठिकाण. कागद कुठेतरी तुटला आणि यंत्राची ओळख पुसली गेली. भंगारवाल्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याला ती ओळख कोणी सांगितलीच नव्हती.

आता हीच साखळी देशाबाहेर न्या. २००८ साली फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं जोडणाऱ्या कामगारांना किरणांची मात्रा मिळत असल्याचं लक्षात आलं. बटणांच्या पोलादी भागांत कोबाल्ट-६० मिसळलेलं होतं. वीसेक कामगारांना जनतेसाठीच्या १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त, ३ पर्यंत मात्रा गेली होती. शोध घेत घेत धागा आला तो आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीच्या एका पोलाद कारखान्यापर्यंत. भट्टीत भंगारासोबत कुठला तरी स्रोत वितळला होता. जर्मनीतही असं पोलाद सापडलं. सुदैवाने मात्रा लहान होती. पण विचार करा, खोपोलीच्या भट्टीतली चूक फ्रान्सच्या कामगाराच्या अंगावर उमटली, आणि ती पकडली गेली देशाबाहेरच. तिकडून कळवलं नसतं तर इथे तपास कसा सुरू झाला असता?

आपल्या भागातलं भंगारही कुठेतरी वितळतंच. जालन्याचे स्टील कारखाने काही फार लांब नाहीत. अकोल्याच्या गल्लीतून ‘लोखंड-भंगार’ ओरडत जाणारा हातगाडीवाला म्हणजे त्या साखळीची पहिली कडी.

ढगाला पासपोर्ट नसतो

देशांनी एकमेकांना कळवायचं, हे गृहीत धरण्यासारखं नव्हतं. २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. जगाला कळलं २८ तारखेला, तेही स्वीडनमुळे. अकराशे किलोमीटरवरच्या फॉर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांनी मोजयंत्र वाजवलं. तिथल्यांना आधी वाटलं आपलीच भट्टी गळते आहे. मग वाऱ्याची दिशा पाहिली. त्या संध्याकाळी सोव्हिएत संघाने बातमी कबूल केली.

त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९८६ ला, व्हिएन्नात दोन करार झाले. एक, अपघात झाला तर ताबडतोब कळवण्याचा. दुसरा, मदत मागण्याचा आणि देण्याचा. हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आश्रयाने झालं. १९५७ ची ही संस्था, भारत तिच्या संस्थापक सदस्यांपैकी. भारताने दोन्ही करारांना १९८८ मध्ये मंजुरी दिली. लहान-मोठ्या स्रोतांसाठी २००३ मध्ये एक आचारसंहिता आली: प्रत्येक देशाने आपल्या स्रोतांची नोंदवही ठेवावी, आणि सर्वांत घातक स्रोत दुसऱ्या देशाला पाठवण्याआधी त्या देशाची संमती घ्यावी. ती कायद्याने बांधत नाही, हा तिचा कमकुवतपणा.

चेर्नोबिलचा ढग आपल्यापर्यंत आला तो लोण्याच्या रूपाने! युरोपीय आर्थिक समुदायाने मदत म्हणून दिलेलं सुमारे २०० टन आयरिश लोणी मुंबईत आलं होतं. त्यात किरणोत्सारी अंश आहे, ते लोकांना खाऊ घालू नका, म्हणून डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८८ च्या निकालाआधी न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि समितीने ते लोणी खाण्यास सुरक्षित ठरवलं. अर्जदार हरले. तरी मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘किती चालेल’ हे कोण ठरवतं आणि कशावरून, हे सामान्य माणसाने न्यायालयात उभं राहून विचारलं. दहावीच्या मुलांकडून या खटल्याचं नाट्यवाचन करून घ्या. एक गट अर्जदार, एक सरकार, एक समिती. मुलांना ‘सुरक्षित’ आणि ‘शून्य’ या दोन शब्दांतला फरक त्यातून नीट कळतो.

वैरी देशांतही सहकार्य असतं, हे दाखवायला १ जानेवारीचं वर्तमानपत्र पुरेल. भारत आणि पाकिस्तान त्या दिवशी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा, याद्या १९९२ पासून दर वर्षी.

वर्गासाठी शेवटचं काम चिन्हाचं. तीन पात्यांचं चिन्ह मुलांना काढायला सांगा, आणि घरी आजीला किंवा शेजारच्या भंगारवाल्याला दाखवून ‘हे काय वाटतं’ असं विचारून यायला सांगा. कोणी पंखा म्हणेल, कोणी फूल. हीच अडचण ओळखून २००७ मध्ये जास्त घातक स्रोतांसाठी लाल रंगाचं नवं चिन्ह आलं. त्यात किरण आहेत, कवटी आहे आणि पळणारा माणूस आहे, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही कळावं. दोन्ही चिन्हं वहीत शेजारी शेजारी काढून घ्या. आणि मुलांना सांगा: अशी खूण असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड, शिशाची वाटणारी बेवारस वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, उचलून बाजूला ठेवायची नाही, दुसऱ्यांनाही लांब ठेवायचं, आणि मोठ्या माणसाकरवी ११२ वर पोलिसांना कळवायचं. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. तज्ज्ञ बोलावणं, जागा बंद करणं, हे पुढचं काम त्यांचं.